डे केअरमध्ये आजी-आजोबांच्या ॲक्टिव्हिटी कशा आखायच्या : नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी, सांगलीतल्या अनुभवातून

परवा मिरजेहून एका मुलीचा फोन आला. ताई, सोमवारपासून ज्येष्ठांच्या डे केअरला जॉइन होतेय, ॲक्टिव्हिटी सगळ्या मलाच बघायच्यात, तुमच्याकडं लिस्ट असेल तर पाठवा ना. मी लिस्ट पाठवली नाही. म्हटलं दोन दिवस थांब, नीट लिहून देते. कारण लिस्ट नेटवर शंभर मिळतात, बॉल पास करा, रंग भरा, अंताक्षरी घ्या, आणि त्या घेऊन पंधरा दिवसांत नवीन माणूस दमतो आणि आजी-आजोबा कंटाळतात हे मी बऱ्याचदा बघितलंय. मग जे तिला लिहिलं तेच इथं जरा वाढवून टाकतेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. डे केअर म्हणजे वृद्धाश्रम नव्हे. सकाळी रिक्षानं नाहीतर मुलाच्या गाडीवरून येतात, दिवसभर थांबतात, संध्याकाळी आपल्या घरी जातात. घरात सगळे कामाला, नातवंडं पुण्याला, दिवसभर टीव्ही नाहीतर भिंत, म्हणून येतात. आणि रिक्रिएशन थेरपी हा शब्द ऐकून घाबरू नका. कॅरम खेळून दोन तास गेले तर ती करमणूक झाली, ती पण चांगलीच. पण लकव्यानंतर ज्यांचा उजवा हात पुरता वर जात नाही अशा आजोबांना फिजिओला विचारून असं बसवलं की सोंगटी मारायला तोच हात थोडा लांब करावा लागेल, आणि महिन्यानं हात किती पुढं जातोय ते वहीत लिहिलं, तर ती थेरपी. खेळ तोच, त्यामागं एका माणसासाठी ठरवलेला हेतू आहे. माणूस समजून घ्या, हेतू ठरवा, करा, काय झालं ते बघा, परत बदला. सगळं शास्त्र या चक्रात आहे.

आणि माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं, बाकी विसरलात तरी चालेल: त्यांना प्रेक्षक करू नका. हाताला काम द्या, आणि ते काम कुणाच्या तरी खरंच उपयोगी पडणारं असू द्या.

हे मला एका आक्कांनी शिकवलं. सून सोडायला यायची, आक्का खिडकीपाशी पदर कपाळापर्यंत ओढून बसायच्या. तीन आठवडे. भजनात नाही, खेळात नाही, चहा दिला की घ्यायच्या, एवढंच. आमच्या सगळ्यांचं मत झालेलं की यांना आता समजत नाही. मग सुनेला विचारलं, आधी काय करायच्या? ती म्हणाली, मार्केट यार्डात हळद निवडायला जायच्या की, तीसेक वर्षं. मी दुसऱ्या दिवशी यार्डातून दोन किलो हळद आणली, न निवडलेली, आणि एक सूप, आणि काही न बोलता त्यांच्या मांडीवर ठेवलं. थोडा वेळ नुसत्या बघत होत्या. मग हात सुपावरून फिरला, हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, खराब तिसरीकडं, बोटं अशी चालायला लागली की मी बघतच राहिले. एक हळकुंड उचललं, कटकन मोडलं, आतला रंग उजेडाकडं धरून बघितला आणि म्हणाल्या, "शिजवायला कमी पडलीया ही." तीन आठवड्यांतलं पहिलं वाक्य. त्या दिवसापासून आमच्याकडची हळद, डाळ, ज्वारी, सगळं आक्कांच्या हाताखालून जायला लागलं, आणि दोन महिन्यांनी त्या बाकीच्यांना ओरडायला पण लागल्या, नीट निवडा म्हणून.

पायरी १ : पहिले दोन आठवडे फक्त विचारा

नवीन माणूस आला की लगेच ॲक्टिव्हिटीत ओढू नका. एक वही करा, प्रत्येकाला चार पानं द्या. फॉर्म भरल्यासारखं विचारलं तर उत्तरं पण फॉर्मसारखीच येतात, त्यामुळं चहा पिता पिता, रोज थोडं थोडं. काय म्हणून हाक मारायची इथपासून सुरू करा. सगळ्यांना सरसकट आजी-आजोबा म्हणायचं नाही. शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला "गुरुजी" म्हटलं की पाठ ताठ होते, शिक्षिका असतील तर "बाई", रिटायर तलाठ्याला "भाऊसाहेब". कुणी तात्या, कुणी आण्णा, कुणी मावशी. लाडानं "आमचं बाळ" वगैरे अजिबात नको, ऐंशी वर्षांच्या माणसाशी लहान पोराशी बोलल्यासारखं बोलणं हा अपमान आहे आणि तो त्यांना कळतो, विस्मरण असलं तरी कळतो.

मग कामाचं. हातानं काय केलंय आयुष्यभर? कारखान्यात फिटर होते, एसटीत कंडक्टर, यार्डात हमाली, विट्याचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे), तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर, मिरजेत सतारी करणाऱ्या घरातले, घरकाम आणि शेती तर प्रत्येक बाईनं केलेली. घरच्यांना वेगळं विचारा, कारण स्वतः माणूस "काय न्हाई, घरीच हुतो" एवढंच सांगतो.

आणि रोजच्या गोष्टी : झोप कधी, चहा किती वेळा, साखर आहे का बीपी आहे का, कुठली गोळी कधी, ऐकायला कुठल्या कानानं चांगलं येतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, लघवीला किती वेळानं लागतं (हे लाजू नका, अर्ध्या लोकांना ॲक्टिव्हिटीत बसायचं नसतं त्याचं कारण हेच असतं), घास गिळताना ठसका लागतो का. भाषा पण विचारा. आपल्या भागात घरात कन्नड बोलणारे खूप, मिरजेकडं उर्दू-दखनी बोलणारे, आणि विस्मरण वाढलं की माणूस बऱ्याचदा लहानपणच्या भाषेत परत जातो. आमच्याकडं एक आजी एकदम कन्नडच बोलायला लागल्या, आम्हाला वाटलं काहीतरी बरळतायत. शेजारच्या मावशींनी कन्नडमध्ये उत्तर दिलं तेव्हा कळलं की त्या नुसतं पाणी मागत होत्या.

खाण्याचं सुद्धा इथंच लिहा. माझी एक चूक सांगते. लसूण सोलायला दिला होता टेबलावर सगळ्यांना, बोटांना चांगला व्यायाम म्हणून, आणि त्यात दोन जैन आज्या होत्या, कंदमुळं न खाणाऱ्या, चातुर्मास चालू. त्या काही बोलल्या नाहीत, नुसते हात मांडीवर ठेवून बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. मी घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून टेबलावर काहीही ठेवायच्या आधी वही बघते.

पायरी २ : खोली

यावर पटकन सांगते पण सोडू नका. खुर्च्या हात असलेल्या हव्यात, बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या व्यायामाला नको, उठताना मागं सरकतात. सतरंजीच्या मुडपलेल्या कडा, वायर, ओली फरशी, या तीन गोष्टींनी पडतात माणसं. खुर्च्या अर्धगोलात, म्हणजे एकमेकांची तोंडं दिसतात. तुम्ही खिडकीकडं पाठ करून उभं राहू नका, उजेड मागून आला की तुमचा चेहरा काळा दिसतो, आणि कमी ऐकू येणारी माणसं ओठांवरूनच निम्मं समजून घेत असतात. ओरडायचं नाही, आवाज जरा खालच्या पट्टीत आणि सावकाश. वयाबरोबर बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळं बायकांचा ओरडलेला आवाज अजूनच कळत नाही. टीव्ही बंद. पंख्याचा घरघराट असेल तर दुरुस्त करून घ्या.

पांढऱ्या टेबलावर पांढऱ्या वाती ठेवून वळा म्हटलं तर दिसणार कसं? खाली गडद रंगाचं कापड टाका. साधी गोष्ट आहे, पण ही केल्यावर "मला न्हाई जमत" म्हणणाऱ्या दोघी-तिघी लगेच वळायला लागल्या.

पायरी ३ : कुणाला काय झेपतं ते बघा

डॉक्टरांचा कागद घ्याच, पण स्वतःच्या डोळ्यानं पण बघा. एक सोपी पद्धत सगळीकडं वापरतात : माणूस खुर्चीत बसलेला, समोर ३ मीटरवर खडूची रेघ. उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी असेल तर काठी घेऊन. मोबाईलवर सेकंद मोजा, तुम्ही शेजारून चालत राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं समजायचं, त्यांना उभ्याचे व्यायाम फिजिओला विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत. आणि वळताना बघा, पडणारा माणूस बऱ्याचदा वळताना डगमगतो.

मग मनातल्या मनात गट पडतात. स्वतः सगळं करणारे, थोडी मदत लागणारे, आणि ज्यांच्याशेजारी कुणीतरी बसावंच लागतं असे. गटांना नावं देऊ नका, भिंतीवर तर अजिबात लावू नका. आणि पूर्ण वेगळे पण बसवू नका, धडधाकट माणसाला शेजारच्याची मदत करायला सांगा, दोघांचं काम होतं.

पायरी ४ : दिवस कसा लावायचा

आमचा साधारण असा असतो. दहाला येतात, साडेदहापर्यंत नुसता चहा, पेपर आणि गप्पा, या वेळेत काही घ्यायचं नाही, प्रवास करून आलेलं शरीर बसू दे. पेपर एकानं मोठ्यानं वाचायचा, आमच्याकडं ते काम रिटायर झालेल्या एका गुरुजींचं आहे, आणि निधनवार्ता सगळ्यात शेवटी हा त्यांचाच नियम. साडेदहाला बसून व्यायाम, वीस मिनिटं. अकराला मुख्य काम किंवा सेशन, तीस ते पंचेचाळीस मिनिटं, त्याच्यावर ओढायचं नाही. साडेबाराला जेवण, मग आडवं व्हायचं. तीननंतर हलकंफुलकं, पत्ते, गाणी, अंगणात फेरी. पाचला घरी.

दुपारी चारनंतर विस्मरणाचा आजार असलेल्यांपैकी काहीजण अस्वस्थ होतात, येरझारा घालतात, "मला घरी जायचंय, म्हैस धारंची ऱ्हायलीय" असं म्हणतात. तेव्हा "आजी, म्हैस विकली की वीस वर्षांपूर्वी" असं सांगू नका. त्यांना ते दरवेळी नव्यानं कळतं आणि नव्यानं दुःख होतं. "किती दूध देतीय म्हैस?" असं विचारा, बरोबर चाला, हातात काहीतरी घडी घालायला द्या. नॅपकिनच्या घड्यांवर आमच्या कित्येक संध्याकाळी निभावल्यात.

आठवड्याचा विचार करताना एक लक्षात ठेवा : जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते आणि तोल सांभाळायचे व्यायाम तीन किंवा जास्त दिवस. नुसत्या बसून व्यायामानं तेवढं होत नाही, पण वीस मिनिटांचा तो रोजचा, जोडीला अंगणातली फेरी, आणि ज्यांना झेपतं त्यांना तीन दिवस तोलाचा, खुर्चीची पाठ धरून. बाकी आठवडा कसाही फिरवा पण हे पाडू नका.

पायरी ५ : प्रत्यक्ष घ्यायचं काय

*बसून व्यायाम.* रुमाल घ्या, स्वतःचा प्रत्येकाचा. दोन्ही हातांनी दोन टोकं धरून वर, खाली, पिळल्यासारखं. धुणं पिळायची ॲक्शन म्हटलं की बायकांना शिकवायला लागत नाही. पुरुषांना मोटेचा कासरा ओढायला सांगा, नाहीतर एसटीचं जुनं स्टेअरिंग फिरवायला, दोन्ही हातांनी, मोठं. पाय : टाच उचला, चवडा उचला, गुडघा सरळ करून पाच मोजेपर्यंत धरा. मोजताना सगळ्यांनी मोठ्यानं मोजायचं, म्हणजे श्वास कोंडला जात नाही, बीपीवाल्यांसाठी हे महत्त्वाचं. उठवताना एकदम नाही. आधी बसल्याबसल्या पाय हलवायचे, मग उभं राहून खुर्ची धरून थोडं थांबायचं, मग पहिलं पाऊल. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांना उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते, त्यात पडतात. छातीत दुखणं, दम, चक्कर, तिथल्या तिथं बंद, उद्या बघू.

*काम.* मी मुख्य सेशन आठवड्यातून तीनदा कामाचंच ठेवते. वाती वळणं, शाळू (रब्बीची ज्वारी) निवडणं, मेथी निवडणं, शेंगा फोडणं, कापडी पिशव्यांना नाडी ओवणं, जवळच्या अंगणवाडीसाठी चिंचोके मोजून दहा-दहाच्या पुड्या बांधणं. त्या पुड्या पोरांना गणिताला खरंच जातात, आणि पोरं महिन्यातून एकदा येऊन "मिळाल्या" म्हणून सांगतात. हा शेवटचा भाग सोडू नका. काम कुठं गेलं हे कळलं पाहिजे. एका ठिकाणी मी बघितलं, आज्यांनी निवडलेली डाळ संध्याकाळी परत खड्यांत मिसळून दुसऱ्या दिवशी तीच निवडायला देत होते. एका आजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी पुन्हा कधी सुपाला हात लावला नाही.

विस्मरण जास्त असेल तर काम लहान तुकड्यात फोडा. "वात करा" हे पाच-सहा गोष्टींचं काम आहे : कापूस उचल, सरकी काढ, पेळू कर, ओढ, वळ, ठेव. ज्यांना पूर्ण जमत नाही त्यांना फक्त सरकी काढायला द्या, शेजारच्या मावशी पुढचं करतील. बोलून समजावू नका, एकदा स्वतः सावकाश करून दाखवा आणि हातात द्या. डोकं विसरलं तरी हात बरंच लक्षात ठेवतात. चुकलं तर दुरुस्त करायचं नाही, वेडीवाकडी वात पण पेटते.

*आठवणींचं सेशन.* इथं नवीन माणसं एकच चूक करतात, "आजोबा, आठवतंय का?" असं विचारतात. आठवलं नाही तर चारचौघांत परीक्षेत नापास झाल्यासारखं होतं. प्रश्न नको, वस्तू द्या. पितळी अडकित्ता, कंदिलाची काच, जुनं रेशनकार्ड, रॉकेलचा स्टो आणि त्याची पिन, पाटीवरची पेन्सिल, कुंची, एसटी कंडक्टरचा तिकीट पंच. हातात फिरू दे, वास घेऊ दे. आणि मग तुम्ही चूक असलेलं काहीतरी सांगा, "हे सुपारी कातरायला होतं काय?" असं अडकित्ता सोडून दुसरंच काहीतरी दाखवून, म्हणजे तुम्हाला शिकवायला सगळे पुढं येतात.

विषय निवडताना हिशोब करा. माणसाला साधारण दहा ते तीस वयातलं सगळ्यात घट्ट आठवतं. आज पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात असलेल्यांसाठी ते म्हणजे १९६७ चा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो ज्वारीच्या भाकऱ्या. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं. नाटकं तर विचारू नका, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते सांगलीत, त्यामुळं रात्रभर नाटक बघून सकाळी कामाला गेलेला एखादा तरी आजोबा तुमच्याकडं असणारच. त्याला एक पान नाटकासारखं वाचायला द्या, गॉगल लावून बसलेला माणूस कसा बदलतो बघा.

पण सांभाळून. मी एका जुलैत "पाऊस" हा विषय घेतला, मला वाटलं छत्र्या, इरलं, कांदाभजी. पाच मिनिटांत एक काकू रडायला लागल्या. २०१९ च्या पुरात त्यांचं घर पाण्यात होतं, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं तेव्हा, आणि त्या दिवशी बाहेर पण पाऊस धो धो चालू. बाकीचे पण "आता पाणी किती फुटावर हाय?" म्हणून विचारायला लागले, सगळी खोली घाबरली. मी तेव्हा गाणं लावून विषय बदलायचा प्रयत्न केला, ते चुकीचं होतं. नंतर शिकले : रडणं म्हणजे सेशन बिघडणं नव्हे. शेजारी बसा, हात धरा, ऐका, पाणी द्या, दुसऱ्या मदतनीसाला बाकीच्यांकडं बघायला सांगा. आणि खरी माहिती द्या. आमच्याकडं आता पावसाळ्यात सकाळीच फळ्यावर आयर्विनची पातळी लिहितात, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका हे सगळ्यांना पाठ आहे, आकडा दिसला की लोक शांत असतात. पुराचा विषय काढायचाच असेल तर उन्हाळ्यात काढा.

ज्यांना सौम्य किंवा मध्यम विस्मरण आहे त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये तयार झालेली एक पद्धत आहे, आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं, एकूण १४ सेशन, दरवेळी वेगळा विषय, गटानं बोलायचं, मत विचारायचं, आठवण नाही. "भडंगाला लसूण जास्त हवा का कमी?" यावर उत्तर चुकत नाही. (जैन आज्यांना "लसणाशिवाय भडंग भडंग वाटतं का" असं विचारते आता.) ही मत विचारायची युक्ती मी सगळ्याच सेशनला वापरते.

*गाणी.* भजन रोज असतंच, ते त्यांचं ते चालवतात, तुम्ही मध्ये पडू नका. जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या बायका आता कमी राहिल्यात, सापडल्या तर जातं आणा, नुसतं खुंटा धरून बसल्या तरी ओवी येते, खुर्चीवर बसवून "म्हणा" म्हटलं की येत नाही. हादग्याला हत्तीचं चित्र काढून फेर, ज्यांना चालता येत नाही त्या मध्ये खुर्चीवर. खिरापत ओळखायचा भाग तर सगळ्यात भारी, तो पुरुष पण खेळतात.

*पुरुष.* हे वेगळं लिहायलाच पाहिजे. बायका दोन दिवसांत रुळतात, पुरुष नाहीत. आयुष्यभर घराबाहेर अधिकारात राहिलेला माणूस गोलात बसून टाळ्या वाजवणार नाही, वाजवायला लावू पण नका. त्यांच्यासाठी कट्टा करा, दाराबाहेर दोन बाकडी, पेपर, पत्ते. मेंढीकोट, बदाम सात, चार जण जमले की झालं. आणि जबाबदारी द्या : हजेरीचं रजिस्टर, चाव्या, रिक्षावाल्याचा हिशोब, पंख्याचं तेलपाणी. आमचे एक फिटर आण्णा कुठल्याच कार्यक्रमाला यायचे नाहीत, मग सगळ्यांच्या काठ्यांची खालची रबरी टोपणं तपासायचं काम त्यांना दिलं. दर शनिवारी प्रत्येकाची काठी उलटी करून बघतात, झिजलेली बदलतात. पडणं कमी व्हायला याच्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही, आणि आण्णा आता शनिवारी दहाच्या आधीच येऊन बसतात.

सण करताना

संक्रांतीचं हळदी-कुंकू, चैत्रगौर, यात विधवा बायका मागं सरकून बसतात, कुणी म्हटलं नाही तरी. डे केअरमध्ये निम्म्याहून जास्त आज्या एकट्याच असतात, म्हणजे तुमचा सण निम्म्या खोलीला बाहेर ठेवतो. मी हे चालवून घेत नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, गावानं केलं तर आपल्या एका खोलीत का होणार नाही? पण जबरदस्तीनं कुणाच्या कपाळाला हात लावायचा नाही. आम्ही वाण सगळ्यांना, फूल सगळ्यांना, आणि हळदीकुंकवाचं ताट मध्ये ठेवतो, ज्याचं त्यानं घ्यायचं. पहिल्या वर्षी फक्त दोघींनी घेतलं. तिसऱ्या वर्षी हळद निवडणाऱ्या आक्कांनी ताट स्वतः उचललं आणि सगळ्यांना फिरवलं. ईदला शीरखुर्मा आणि महावीर जयंतीचा प्रसाद पण यादीत ठेवा, ज्यांचा सण त्यांनाच पाहुणचार करू द्या.

अडचण आली तर

साखरवाला माणूस अचानक घामेघूम, थरथर, चिडचिड, अडखळत बोलणं : ग्लुकोमीटर असेल तर बघा, ७० च्या खाली असेल, किंवा मीटर नसेल तरी, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं अस्पष्ट : लकवा समजा, वेळ लिहून ठेवा, लगेच १०८. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून मुलगा कामावरून येईपर्यंत थांबायचं नाही. पडलेल्या माणसाला काखेत हात घालून ओढून उठवू नका, आधी दुखतंय कुठं ते विचारा. ठसका लागणाऱ्यांना भडंग, शेंगदाणे, चुरमुरे नाहीत, सण असला तरी. मे महिन्यात अकरानंतर अंगणात काही नाही, आणि तहान लागली नाही तरी तासाला अर्धा पेला पाणी, हातात द्या, "हवं का" विचारू नका.

घरी त्रास आहे, मारहाण, उपाशी ठेवणं, पेन्शन काढून घेणं असं काही कळलं तर गप्प बसू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि २००७ च्या कायद्यानं मुलांवर पोटगीची जबाबदारी आहे, प्रांत ऑफिसला अर्ज करता येतो. पण आधी त्या आजींना विचारा त्यांना काय हवंय.

पायरी ६ : वही

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं. "सेशन छान झालं, सगळ्यांनी आनंद घेतला" असं लिहू नका, ते कुणाच्याच कामाचं नाही. असं लिहा : "काकू, वाती, १२ मिनिटं बसल्या, ७ केल्या, शेजारणीशी दोनदा बोलल्या, मध्ये एकदा उठल्या, बाथरूम." पुढच्या महिन्यात १२ ची २० झाली तर कळतं. कमी झाली तरी कळतं, आणि एकदम कमी झाली तर डॉक्टरांना दाखवायचं, कारण म्हातारपणी लघवीचं इन्फेक्शन, जुलाब, नवीन गोळी, अशी साधी कारणं पण आधी अशीच दिसतात, माणूस एकाएकी गप्प होतो नाहीतर गोंधळतो. आमच्या एका तात्यांचं असंच झालं, पत्त्यात हुकूम विसरायला लागले दोन दिवसांत. घरचे म्हणाले वय झालं. वहीत आठवड्याभरापूर्वीचं सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं म्हणून मी हट्ट धरला, लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं, औषधानं दहा दिवसांत तात्या परत हुकूम मोजायला लागले.

सोमवारी जॉइन होणाऱ्या मुलीला शेवटी एवढंच सांगितलं, पहिल्या दिवशी काहीही घेऊ नकोस. एक वही, एक सूप, दोन किलो शाळू, गडद रंगाची ओढणी टेबलावर टाकायला, आणि पत्त्यांचा एक कॅट घेऊन जा, मोठ्या आकड्यांचा मिळाला तर बघ. शाळू टेबलावर ओत आणि स्वतः निवडायला बस, कुणाला बोलवू नकोस. तू चुकीचं पाखडत असशीलच. कुणीतरी उठून येईल आणि सूप तुझ्या हातातून काढून घेईल, त्यांचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिही.